लेसरडिस्क डिजिटल केली, पण आवाज मागे पडतो: काय तपासायचं?

“भाई, सुरुवातीला बरोबर असतं हो, पण शेवटाकडे गायकाचे ओठ आधी हलतात आणि गाणं मागून येतं.” लेसरडिस्कवरून (डीव्हीडीच्या आधीच्या, मोठ्या व्हिडिओ तबकडीवरून) उतरवलेल्या फाईलबद्दल ही तक्रार इतक्यांदा ऐकली आहे की उत्तर एकदा नीट लिहून ठेवलेलं बरं. फोंड्यात माझं मुख्य काम लग्नाच्या आणि जत्रेतल्या नाटकांच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून देण्याचं. लेसरडिस्क त्या मानाने कमी, पण येतात. कुणाचे वडील तारवटी (बोटीवर खलाशी) होते, कुणाचा काका आखातात. त्यांनी कधीतरी हौसेने प्लेअर आणि डिस्क आणल्या: कराओके, पाश्चात्त्य संगीताचे कार्यक्रम, एखाददुसरा सिनेमा. मग प्लेअर बंद पडला आणि ३० सेंटिमीटरच्या त्या तबकड्या कपाटाच्या वरच्या फळीवर गेल्या. चतुर्थीला सगळे घरी जमले की त्या खाली निघतात.

कामाला लागण्याआधी एक विचारून घ्या: तोच सिनेमा किंवा कार्यक्रम डीव्हीडीवर, ब्लू-रेवर मिळतो का? मिळत असेल तर तो विकत घ्या आणि हा खटाटोप सोडा. तुमच्या कॅप्चरपेक्षा, म्हणजे डिस्कवरून उतरवलेल्या फाईलपेक्षा, तो चांगलाच असणार. मेहनत घ्यायची ती जे पुन्हा कुठेच निघालं नाही त्यावर. कराओकेच्या डिस्क बहुतेक या दुसऱ्या गटात मोडतात.

लेसरडिस्क १९७८ साली अमेरिकेत बाजारात आली. लेसर आहे, चकाकते आहे, म्हणून लोक तिला डीव्हीडीची थोरली बहीण समजतात आणि “नुसती कॉपी मारा” म्हणतात. कॉपी मारता येत नाही. तिच्यावरचं चित्र अॅनालॉग असतं. खळग्यांच्या लांबीत आणि त्यांच्यामधल्या अंतरात रंग-उजेडाचा एकत्र सिग्नल नोंदलेला असतो. प्लेअर तो वाचून पिवळ्या पिनेतून बाहेर देतो, कॅप्चरचं यंत्र त्याचे आकडे करतं. आवाज लाल-पांढऱ्या पिनांतून वेगळ्या वाटेने येतो. दोन वाटा कॉम्प्युटरच्या आत पुन्हा जुळवाव्या लागतात, आणि आपला घोळ होतो तो या जुळणीच्या जागी.

संपादनात बसून आवाजाची पट्टी डोळ्यांनी पुढे-मागे सरकवत राहणं हा या रोगावरचा सगळ्यात वाईट उपाय. पहिल्या गाण्याला जुळवलं की चौथं बिघडतं, चौथं जुळवलं की पहिलं. आधी तफावत मोजा आणि तिचा आकार ओळखा. ती सगळीकडे सारखी आहे, हळूहळू वाढते आहे, की मध्येच उडी मारते आहे? तिन्हींची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे.

पण त्याही आधी ब्लूटूथ स्पीकर बंद करा. थट्टा नाही. ब्लूटूथवरून आवाज यायला पाव सेकंदापर्यंतचा उशीर सहज होतो, आणि नवे टीव्ही चित्रावर स्वतःची प्रक्रिया करताना चित्र उशिरा दाखवतात ते वेगळंच. फाईल कॉम्प्युटरवर, तारेच्या हेडफोनने पाहा. तिथे बरोबर असेल तर फाईलला हात लावू नका, दोष घरच्या टीव्हीच्या सेटिंगमध्ये आहे.

तफावत कशी मोजायची

डिस्कवरच्या कार्यक्रमात अशी जागा शोधा जिथे आघात दिसतोही आणि ऐकूही येतो. वाद्यवृंदात ड्रमवाल्याची काडी चामड्यावर टेकते तो क्षण उत्तम. सिनेमात दार आपटणं, टाळी, टेबलावर ठेवलेला पेला. ओठांवर भिस्त ठेवू नका, आणि कराओकेत शब्दांचा रंग बदलतो त्यावर तर अजिबात नको. ते रंग बदलणं मुळातच अंदाजाने बसवलेलं असतं.

फाईल संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, आवाजाची लाट मोठी करा, एकेक फ्रेम (चित्रफितीतलं एक स्थिर चित्र) पुढे जा. काडी टेकली ती फ्रेम आणि लाटेत टोक उठलं ती जागा, यांतलं अंतर फ्रेममध्ये मोजा. जपान-अमेरिकेच्या एनटीएससी डिस्कला एक फ्रेम म्हणजे सुमारे ३३ मिलिसेकंद, युरोपच्या पाल डिस्कला ४०. सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी अशा तीन जागी मोजून वहीत लिहा.

किती तफावत चालते? प्रसारणाच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत जाणवण्याची मर्यादा आवाज पुढे असेल तर ४५ मिलिसेकंद आणि मागे असेल तर १२५ मिलिसेकंद धरली आहे. दोन आकडे वेगळे का, ते नरकासुराच्या पहाटे लांबच्या वाड्यावर फटाके फुटताना दिसतंच: उजेड आधी, धडाका नंतर. आवाज मागून येण्याची कानाला सवय आहे, आधी येण्याची नाही. म्हणून एखाद-दुसरी फ्रेम राहिलीच तर ती आवाज मागे असण्याच्या बाजूला राहू द्या.

सगळीकडे सारखी तफावत

हा सोपा प्रकार. सुरुवातीला चार फ्रेम, मध्ये चार, शेवटी चार. कॅप्चरच्या यंत्रात चित्राला आणि आवाजाला लागणारा वेळ वेगळा असतो, इतकंच. आवाजाची पूर्ण पट्टी एकदा सरकवा आणि मोकळे व्हा. त्याच साखळीवर पुढच्या डिस्कलाही बहुधा तेवढंच सरकवावं लागेल, म्हणून आकडा यंत्रावरच चिकटवून ठेवा.

हळूहळू वाढणारी तफावत

सुरुवातीला शून्य, मध्यावर थोडी, शेवटी बरोबर दुप्पट. इथे घड्याळं जुळत नाहीत. चित्राची गती प्लेअर ठरवतो, आवाजाचे नमुने घेण्याची गती साउंड कार्डातला किंवा यूएसबी डोंगलमधला (कॅप्चरच्या छोट्या यंत्रातला) ठोके देणारा स्फटिक ठरवतो. दोघांत दशलक्षात शंभर भागांचा फरक असला तरी तासाला ०.३६ सेकंद होतात. पिवळी पिन डोंगलला आणि आवाज कॉम्प्युटरच्या मागच्या लाइन-इनला, अशी जोडणी असेल तर हे हमखास होतं. तिन्ही पिना एकाच डोंगलला लावा.

व्हर्च्युअलडब हे कॅप्चरचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर कॅप्चरच्या टाइमिंग खिडकीत आवाज चित्राला जुळवून पुन्हा नमुने घेण्याचा पर्याय आहे, तो निवडा. कॅप्चर आधीच झालेलं असेल आणि डिस्क मालकाकडे परत गेली असेल, तर आवाज ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून गती बदलण्याच्या खिडकीत नवी लांबी घालता येते. समजा बाजू ५८ मिनिटांची, म्हणजे ३४८० सेकंदांची आहे आणि शेवटी आवाज ०.४ सेकंद मागे आहे. मग ३४८०.४ सेकंदांचा आवाज ३४८० सेकंदांत बसवायचा. सूर बदलेल या भीतीने लोक कचरतात. हा फरक एका टक्क्याच्या शंभराव्या भागाच्या आसपास आहे, कोणत्याही गवयाच्या कानाला तो कळायचा नाही.

यातली एक तफावत मात्र आकड्यावरूनच ओळखा: तासाला ३.६ सेकंद. हे घड्याळाचं काम नाही. एनटीएससी चित्राची गती सेकंदाला २९.९७ फ्रेम असते आणि संपादनाच्या प्रकल्पात कुणीतरी ३० निवडलेलं असतं. तासाच्या १,०७,८९२ फ्रेम ३० च्या गतीने पळवल्या की चित्र ३.६ सेकंद आधी संपतं आणि आवाज मागे राहतो. आवाजाला हात न लावता प्रकल्पाची गती २९.९७ करा.

उड्या मारणारी तफावत

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारी शेवटी बहुतेक इथेच येऊन पोचतात, जरी लोक “हळूहळू वाढतं” असं सांगत असले तरी. बारकाईने मोजलं की दिसतं, वीस मिनिटं काहीच नाही, मग अचानक तीन फ्रेम, पुन्हा शांत, मग पाच. चित्राच्या फ्रेम गळल्या आहेत, आवाज मात्र सलग आहे. गळलेली प्रत्येक फ्रेम चित्राला थोडं आखूड करते, आणि ही तूट साठत जाते.

चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये गळलेल्या आणि मध्ये घातलेल्या फ्रेमचे आकडे कॅप्चर चालू असतानाच दिसतात. ते बघत बसा, निदान पहिली दहा मिनिटं. ओबीएससारखं थेट प्रसारणासाठी बनलेलं सॉफ्टवेअर फ्रेम गाळून-दुप्पट करून वेळ निभावून नेतं, त्यामुळे तक्रार ऐकू येत नाही, पण चित्र अडखळतं आणि प्रत्येक फ्रेमचे आड-एक ओळींचे जे दोन भाग असतात त्यांची सरमिसळ होते. लेसरडिस्कसाठी मी ते वापरत नाही.

आता दोष डिस्कचा की कॉम्प्युटरचा? उत्तर स्वस्तात मिळतं. बिघडलेला भाग पुन्हा कॅप्चर करा. फ्रेम त्याच जागी गळल्या तर डिस्क किंवा प्लेअर. दुसऱ्याच जागी गळल्या तर कॉम्प्युटर. आणि डिस्क कोणतीही असो, दर वेळी कॅप्चर सुरू केल्यापासून ठरावीक मिनिटांनीच गळत असतील तर फाईलचे तुकडे पडताहेत का ते पाहा. फॅट३२ पद्धतीने मांडलेल्या हार्ड डिस्कवर एक फाईल ४ जीबीच्या पुढे जात नाही, आणि पाल चित्र काहीही न दाबता घेतलं तर ते सेकंदाला सुमारे २० एमबी, म्हणजे तासाला जवळपास ७५ जीबी होतं. साडेतीन मिनिटांत पहिला तुकडा भरतो, आणि सांध्यावर फ्रेम सांडतात. हार्ड डिस्क एनटीएफएस पद्धतीची करा. हफवाययूव्ही किंवा एफएफव्ही१ असं काहीही न गमावणारं दाबणं वापरा, जागा निम्म्याच्या आसपास येते. थेट एमपी४ मध्ये कॅप्चर करण्याचा मोह टाळा. एमपी४ शेवटी, मालकाला द्यायच्या प्रतीसाठी.

कॉम्प्युटर दोषी असेल तर संशयित ठरलेले आहेत. यूएसबी हब काढा, डोंगल थेट मागच्या पोर्टला लावा. विंडोजमधली यूएसबीची वीज वाचवण्याची सोय बंद करा. अँटिव्हायरस त्या फोल्डरकडे बघणार नाही असं करा. वायफाय तोडा. फाईल ज्या हार्ड डिस्कवर लिहिली जाते तिच्यावरून दुसरं काही चालवू नका.

डिस्क किंवा प्लेअर दोषी असेल तर सगळ्यात आधी पाहायचं ते बाजू बदलणं. काही प्लेअर डिस्क न काढता स्वतःच डोकं फिरवून दुसरी बाजू लावतात. तेवढा वेळ पडदा निळा किंवा काळा होतो, सिंक (चित्राच्या ओळी जागेवर ठेवणारा इशारा) तुटतो आणि कॅप्चर भांबावतं. पहिली बाजू निर्दोष आणि दुसरीत सुरुवातीपासूनच तफावत, असं दिसलं तर कारण हेच. प्रत्येक बाजू वेगळ्या फाईलमध्ये घ्या, नंतर जोडा.

बाजू किती वेळाची ते डिस्क हातात धरूनच कळतं. ट्यूबलाइटखाली तिरकी करा. मध्यापासून कडेपर्यंत समोरासमोर दोन फिकट पट्टे दिसले तर ती ठरावीक फेऱ्यांची, एनटीएससीत बाजूला ३० मिनिटांची. चमक एकसारखी असेल तर लांब वेळेची, ६० मिनिटांपर्यंतची. पट्ट्यांच्या डिस्कवर एका फेरीत एक पूर्ण फ्रेम असते. तिथे चित्र स्थिर ठेवून फ्रेम क्रमांक बघता येतो, त्यामुळे नेमकी कुठली फ्रेम गळली हेही सापडतं.

सिंक डळमळतच असेल तर प्लेअर आणि डोंगलच्या मध्ये टाइम बेस करेक्टर, म्हणजे ओळींची वेळ पुन्हा नीट लावणारं यंत्र, हवा. तो महाग पडतो. हार्ड डिस्क नसलेले काही जुने डीव्हीडी रेकॉर्डर, उदाहरणार्थ पॅनासॉनिकचा डीएमआर-ईएस१५, नुसते मधून सिग्नल जाऊ दिला तरी ओळी बऱ्याच सरळ करतात. भंगारात दिसला तर सोडू नका.

दमट हवा, १०० व्होल्ट आणि बाकीचे स्थानिक त्रास

लेसरडिस्क सीडीसारखी पॉलिकार्बोनेटची नसते, अॅक्रिलिकच्या दोन तबकड्या चिकटवून केलेली असते. अॅक्रिलिक ओलावा पितं. आडव्या ढिगात पडलेली डिस्क त्यामुळे वाकते, आणि वाकलेल्या डिस्कवर शेजारच्या फेरीचा सिग्नल मिसळून पडद्यावर तिरप्या लाटा दिसतात. आतला अॅल्युमिनियमचा थर खराब होणं हा आणखी वेगळा रोग, त्याला लेसर रॉट म्हणतात. त्यात पडद्यावर रंगीत ठिपके भुरभुरतात. त्याचं मूळ बहुतेक वेळा कारखान्यातल्या चिकटवण्यात असतं आणि त्यावर घरी उपाय नाही. ठिपके वाढण्याआधी कॅप्चर करणं एवढंच हातात आहे.

पुसायला स्पिरिट वापरू नका, अॅक्रिलिकला बारीक तडे जाऊ शकतात. डिस्टिल्ड पाण्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब, मऊ कापड, आणि मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसणं. गोल फिरवून पुसलंत तर ओरखडा खळग्यांच्या दिशेने जातो आणि प्लेअरला तो ओलांडणं अवघड होतं.

चतुर्थीच्या पावसात आलेल्या डिस्क मी ठेवून घेतो आणि जमल्यास थंडीत हात घालतो. लोकांना ते आवडत नाही. पण ऑगस्टमध्ये एसीच्या खोलीतून प्लेअर बाहेर काढला की भिंगावर दव धरतं, डोकं मार्ग चुकतं आणि तुम्ही उगाच फ्रेम मोजत बसता. घाई असेल तर प्लेअर आणि डिस्क त्याच खोलीत काही तास पडू द्या, मगच चालू करा.

जपानहून आणलेला प्लेअर १०० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टला थेट लावला तर वीजपुरवठ्याचा भाग गेलाच समजा, त्यामुळे “बंद आहे” म्हणून येणारा प्लेअर आधी उघडून फ्यूज बघावा. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लावलात तर तो प्लेअरच्या डोक्यावर ठेवू नका, हातभर लांब ठेवा, नाहीतर चित्रात आडवे पट्टे येतात. पट्टे कसे सरकतात यावरूनही थोडं कळतं: पाल डिस्कवर विजेचे ५० हर्ट्झ आणि चित्राचे ५० जवळजवळ जुळतात, म्हणून पट्टा संथ सरकतो. एनटीएससीवर तो भराभर पळतो. टीव्हीची केबल कॉम्प्युटरला जोडलेली असेल तर ती काढून पाहा, पट्टे कित्येकदा तिच्यातूनच येतात.

चित्र काळं-पांढरं किंवा फिरत असेल तर डोंगल पालवर आहे आणि डिस्क एनटीएससी. भारतात विकल्या जाणाऱ्या डोंगलची ती नेहमीची सवय. जपानी डिस्कसाठी यादीत एनटीएससी जपान असा पर्याय असेल तर तोच घ्या, नाहीतर काळ्या भागातला तपशील बुडतो.

आवाजच नसेल तर

पाल डिस्कवर अॅनालॉग किंवा डिजिटल, यांतल्या एकाच आवाजाला जागा असते. डिजिटल आवाजाची पाल डिस्क जुन्या, फक्त अॅनालॉग आवाजाच्या प्लेअरवर लावली तर चित्र सुरेख येतं आणि आवाज शून्य. डोंगल बदलून, वायरी बदलून काही होणार नाही, प्लेअर दुसरा हवा. एनटीएससी डिस्कवर दोन्ही आवाज असू शकतात, म्हणून रिमोटवरचं आवाज निवडण्याचं बटण दाबून प्रत्येक वाट ऐका. कराओकेत एका वाटेवर गायकासह आणि दुसरीवर नुसती वाद्यं, असंही सापडतं. मग दोन्ही वेगळ्या घ्याव्या लागतात.

ज्याच्याकडे वेळ, सोल्डरिंगचा हात आणि मोकळ्या हार्ड डिस्क आहेत त्याने वरचं सगळं टाळण्याची एक वाट आहे. डोमसडे डुप्लिकेटर नावाचा खुल्या आराखड्याचा बोर्ड प्लेअरच्या डोक्यातून निघणारा कच्चा सिग्नलच सेकंदाला ४ कोटी नमुन्यांनी टिपतो, आणि एलडी-डीकोड हे मोफत सॉफ्टवेअर त्यातून चित्र आणि आवाज दोन्ही काढतं. दोन्ही एकाच प्रवाहातून निघत असल्याने आवाज मागे पडण्याचं कारणच उरत नाही. किंमत मोजावी लागते ती जागेत: तासाला सुमारे १८० जीबी. आणि प्लेअर उघडून आत वायर जोडावी लागते. पायोनिअरने २००९ साली प्लेअर बनवणं थांबवलं, त्यामुळे वॉरंटीचा प्रश्न नाही, पण आपल्याकडे एकच चालू प्लेअर असेल तर त्याला ही वायर लावू नका. दुसरा मिळेपर्यंत थांबा.